पाहुणीसाठी पाळलेलं अष्टशील

सुरुवात

पाहुणा कसा सांभाळायचा हे ज्याला शिकायचं असेल त्याने परतूर स्टेशनवर उतरावं आणि कोणत्याही रिक्षावाल्याला म्हणावं, रामकिसन गुरुजींचं घर. तेच आमचं घर! आमच्याकडून निघताना पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं. कोरड्या डोळ्यांनी गेलेला एकही पाहुणा मला आठवत नाही.

सुरुवात, दुसऱ्यांदा

वरचं खोडत नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीआधी मी हे कॉलेजात खरंच बोलले होते. पण खरी सुरुवात भीतीपासून करायला हवी. ती भीती अजून गेलेली नाही.

जालन्याच्या एका संस्थेची योजना होती. थायलंडमधली एक विद्यार्थिनी इकडे येऊन एका कुटुंबात सहा महिने राहणार. मग त्याच घरातलं एक शिकणारं माणूस तिच्या गावी, खोन केनला, सहा महिने जाणार. ते माणूस म्हणजे मी, अक्षता, बीएस्सी दुसरं वर्ष, रेल्वेने परभणीच्या पुढे कधीही न गेलेली. अट एकच होती. पहिला आठवडा झाला की संस्थेचे अण्णासाहेब येऊन पाहुणीला विचारणार, तू या घरात सुखात आहेस का? ती 'नाही' म्हणाली की पाहुणी दुसऱ्या घरी. आणि तिच्यामागे माझं खोन केनही त्याच घरी! ते दुसरं घर ठरलेलंही होतं. जालन्याची शालू. तिच्याकडे पाहुणीच्या खोलीत एसी होता. आमच्याकडे पंखा होता, आणि तो चालू केला की म्हाताऱ्यासारखी मान हलवायचा.

म्हणजे माझं अख्खं भविष्य एका अनोळखी पोरीच्या 'हो' किंवा 'नाही'वर टांगलेलं होतं. तिच्या खोलीतला पंखाही तितपतच टांगलेला होता.

ती येण्याआधी

भीती मला खोन केनची होती. पप्पांची भीती वेगळी होती.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात रोज सकाळी वंदना होते आणि दर रविवारी मटण होतं. ही दोन्ही कामं आमच्याकडे इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदली. पण पाहुणी येणार म्हटल्यावर पप्पा मटणाच्या पातेल्याकडे असे बघायला लागले, जसं काही ते त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार आहे.

"पिढ्यान्‌पिढ्या बुद्धाला मानणाऱ्या देशातून पोरगी येऊन राह्यली," ते आईला म्हणाले. "आपण छप्पन सालचे. तिनं आपल्याला बघून म्हणू नये, हे कसले बौद्ध."

आईने विचारलं की त्यांच्याकडे खात नाहीत का मटण? पप्पा म्हणाले, खात असतील-नसतील, आपण इम्तिहान कशाला घ्यायचं. घरात हाड दिसलं न्हाई पाहिजे.

मग मटणाचं पातेलं, अंड्यांचा ट्रे आणि सुकटीचा डबा गल्लीपलीकडे नंदाबाईंकडे गेला. नंदाबाई म्हणजे माझ्या वारलेल्या मोठ्या काकांची बायको, माझी मोठी माय. तिने काहीही विचारलं नाही. डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि आत ठेवून दिला.

पहिला दिवस: तीन पुरावे

तिचं नाव प्लॉय. हे घरातलं नाव. खरं नाव इतकं लांब आहे की ते पूर्ण म्हणेपर्यंत परतूरला थांबलेली गाडी सुटते. ती दुपारी अण्णासाहेबांबरोबर उतरली. खांद्यापर्यंत केस, गोल चेहरा, आणि प्रत्येकाला हात जोडून इतकं खाली वाकणं की माझा भाऊ सुमित उगाच मागे वळून कोण मोठं माणूस आलंय ते बघायला लागला.

आता नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ या एका संध्याकाळीतून निघालेला आहे.

संध्याकाळी आईने ताट वाढलं. प्लॉयने ताटाकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला, हात जोडले आणि मान हलवली. एक घाससुद्धा नाही. हा पहिला पुरावा.

मग गल्लीतून वरात गेली. त्या डीजेने आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं. प्लॉयने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले. हा दुसरा.

मग मी तिला तिची खोली दाखवली. नवीन कॉट, नवीन गादी, नवीन चादर. थोड्या वेळाने मी पाण्याची बाटली द्यायला गेले तर बाई कॉटवर नाहीत. चादर ओढून घेऊन कोपऱ्यात फरशीवर झोपलेल्या! हा तिसरा.

मी घाबरत घाबरत हे पप्पांना सांगितलं. पप्पा उभेच राहिले.

"दुपारनंतर जेवण न्हाई. गाणं-बजावणं न्हाई. उंच पलंग न्हाई," त्यांनी बोटांवर मोजलं. "अरे, पोरगी अष्टशील पाळून राह्यली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच शीलं आम्ही रोजची म्हणतो. आठवाली पौर्णिमेला किंवा वर्षावासात, तीही एखादा दिवस, तीही बहुतेक वेळा घरातली मोठी माणसं. दुपारी बाराच्या आत जेवायचं, मग थेट दुसऱ्या सकाळी. नाच, गाणी, अत्तर, पावडर बंद. झोपायचं जमिनीवर. मी आयुष्यात एकदा हे केलं होतं आणि संध्याकाळी चक्कर येऊन विहाराच्या पायरीवर बसले होते.

"तिच्यासमोर आपण रातच्याला भाकरी मोडत बसायचं का?" पप्पा म्हणाले. "बिलकुल न्हाई. उद्यापासून सगळं घर."

आठवडाभर

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चादर पडली. सगळ्या कॉट उभ्या करून मागच्या भिंतीला लावल्या. आईची पावडर आणि सुमितचं केसांचं जेल पप्पांनी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. सुमितचे केस इतक्या वर्षांनी मोकळे झाले, त्यांना कुठे जायचं ते कळेना.

जेवण बाराच्या आत. शाळेला सुट्टी असल्यामुळे पप्पा घरीच आणि घड्याळाखालीच. सकाळी अकरा वाजल्यापासून आमच्या घरात जे जेवण चालायचं ते जेवण नव्हतं, ती पोती भरण्याची घाई होती. आई वाढतेय, आम्ही कोंबतोय, पप्पा म्हणतायत जल्दी जल्दी. प्लॉय आमच्याकडे बघायची, मग तीही भराभर खायची. वांग्याची भाजी, वरण, भात, पुन्हा वरण. ती काही बोलत नव्हती. विचारलं की हसायची आणि वाकायची. मला त्या हसण्याची फार भीती वाटायची. शालूकडे जाणारं माणूस असंच हसत असेल असं वाटायचं.

मी एकदा धीर करून इंग्रजीत विचारलं, प्लॉय, तुला इथे आवडतंय ना? ती म्हणाली, तुमचं कुटुंब फार मोठं आहे. मला वाटलं, आम्ही चौघंच तर आहोत. नंतर कळलं, तिला थोर म्हणायचं होतं.

आणि संध्याकाळ! संध्याकाळी सहा वाजले की माझं पोट कापसाच्या जिनिंगच्या मशीनसारखं चालू व्हायचं. रिकाम्या मशीनचा आवाज जास्त येतो. आम्ही पाचही जण फरशीवर बसून एकमेकांच्या पोटांचे आवाज ऐकत असू आणि कोणीच ओळख देत नसू.

तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. कुत्र्यांना भाकरी टाकून येते असं सांगून मी गल्ली ओलांडली. मोठी माय चुलीपुढे बसली होती. मी दारात उभी राहिले, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस." समोर ताट. अंड्याचा रस्सा. मी खाताना रडले, खरंच रडले. निघताना तिच्या गळ्याची शपथ घालून सांगितलं की पप्पांना कळू देऊ नको. ती म्हणाली, "मला काय करायचंय बाई तुमच्या घरचं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पण पोट भरलेल्या माणसाला आवाजातलं ऐकू येत नाही.

(इथे एक भाग होता. त्यात पप्पा होते, गल्लीच्या टोकाला असलेल्या गोदामाची मागची बाजू होती आणि मटणाची एक नळी होती. पप्पांनी तो भाग वाचला आणि काढ म्हणाले. काढला.)

प्लॉयच्या चेहऱ्याविषयी

विचित्र गोष्ट अशी की आठवडा सरत गेला तसतशी आमची तोंडं उतरत गेली आणि प्लॉयचं उजळत गेलं. गाल वर आले. कांती तुपासारखी झाली. आई वरणात जास्त तूप सोडते का म्हणून मी तपासलं, तर नाही.

पप्पा आम्हाला तिचं उदाहरण द्यायला लागले. सुमितला म्हणाले, "बघ, एक टाइम खाऊन राह्यली तरी तेज कसं हाये. शीलाचं तेज असतंय हे."

सुमित म्हणाला की मग माझ्यावर का येईना. पप्पा म्हणाले, तुझं मन साफ न्हाई.

मी मात्र दिवसरात्र एकच हिशोब करत होते. इतकी धर्मशील पोरगी. अण्णासाहेबांनी विचारलं आणि हिला आमच्याविषयी काही कळलेलं असेल तर? कुणाच्या तोंडाला रश्श्याचा वास आलेला असेल तर? मी संध्याकाळी घरी परतताना कडुलिंबाची पानं चघळायला लागले. एकदा आईच्या हातातही कडुलिंबाची डहाळी दिसली. मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही.

रविवार

अण्णासाहेब सोमवारी येणार होते. रविवारी सकाळी मोठी मायने मला गल्लीतून हाक मारून हळूच सांगितलं, आज मटण आहे, सात वाजता ये, गरम गरम. मागे-पुढे येऊ नको, सातलाच ये.

मी दिवसभर सात वाजायची वाट बघत बसले. साडेसहाला पप्पा म्हणाले, जरा विहारापर्यंत जाऊन येतो. आई म्हणाली, दळण राहिलंय. सुमित काहीच म्हणाला नाही, तो मागच्या भिंतीवरून गेला. मला वाटलं, वा, रस्ता मोकळा!

निघताना एक नजर टाकावी म्हणून प्लॉयच्या खोलीत डोकावले.

खोली रिकामी.

मोरी बघितली. गच्ची बघितली. उभ्या केलेल्या कॉटमागेही बघितलं. दारातल्या तिच्या चपला नव्हत्या. मोबाईल लावला तर तो खोलीतच वाजला, चादरीखाली.

तिला एकटीला कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा माहीत नव्हतं. घरापासून रेल्वेचे रूळ किती जवळ आहेत ते मला माहीत होतं. भुकेने चक्कर येऊन ती कुठे पडली असेल, विहाराच्या पायरीवर मी बसले होते तशी, पण पायरी नसेल तिथे? खोन केनचा विचार पहिल्यांदाच डोक्यातून निघून गेला. तिची आई फोनवर दिसायची मला रोज, गोल चेहऱ्याचीच, हात जोडणारी. तिला काय सांगायचं?

मी स्टेशनच्या बाजूला धावले. फाटकापाशी कापसाने भरलेले ट्रॅक्टर उभे होते, मी त्यांच्यामधून वाकून वाकून बघितलं. एका ड्रायव्हरला विचारलं, थायलंडची मुलगी दिसली का? तो म्हणाला, कोणत्या वॉर्डात राहती?

परत फिरले ती सरळ मोठी मायकडे, कारण पप्पांना सांगायची हिंमत नव्हती आणि घाबरल्यावर माणूस जिकडे चूल असते तिकडे पळतो. दार ढकललं.

समोर पप्पा. मांडी घालून. हातात नळी.

त्यांच्या शेजारी आई, भाकरी कुस्करलेली. धान्याच्या कोठीमागून सुमितचे मोकळे केस.

पप्पांनी नळी खाली ठेवावी की तोंडात ठेवावी हे त्यांना ठरवता येईना. आई मला म्हणाली की मी दळणाला आले होते. मी म्हटलं, कुत्र्यांना भाकरी टाकायला. सुमित कोठीमागून काही म्हणाला ते कळलं नाही, तोंड भरलेलं होतं.

"प्लॉय नाहीये," मी म्हणाले. "घरात नाही. चपला नाहीत. मोबाईल ठेवून गेली."

पप्पांच्या हातून नळी पडली. मी माझ्या वडिलांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. पप्पा एवढंच म्हणत होते की लेकरू उपाशी गेलं, माझ्यापायी उपाशी गेलं. ते उठून दाराकडे निघाले तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. अण्णासाहेब! काम लवकर उरकलं म्हणून एक दिवस आधीच आले होते. आमच्या दारात उभे होते. घर उघडं आहे आणि घरात कोणी नाही, असं का, विचारत होते.

या सगळ्यात मोठी माय शांतपणे तव्यावरची भाकरी उलटत होती.

"वहिनी, ऐकून राह्यल्या न्हाई का तुम्ही?" पप्पा जवळजवळ रडत म्हणाले. "पोरगी गेली."

"कुठं जाती," मोठी माय म्हणाली. "मागं अंगणात बसली हाये. तिसरी भाकरी चालू हाये तिची."

पाहुणीच्या बाजूने

हे तिने मला नंतर सांगितलं, थोडं इंग्रजीत, थोडं हातवाऱ्यांनी.

पहिल्या संध्याकाळी ती जेवली नाही कारण अण्णासाहेबांनी जालन्यापासून परतूरपर्यंत गाडीत तिला समोसे खाऊ घातले होते आणि तिला मळमळत होतं. कान झाकले कारण डोकं दुखत होतं. फरशीवर झोपली कारण पंखा बरोबर कॉटच्या वर होता आणि मान हलवत होता, आणि तिला मरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती उठली तर सगळं घर व्रताला बसलेलं! संध्याकाळचं जेवण नाही, टीव्ही नाही, कॉट नाही. तिची आजी असं करते, सणाच्या एखाद्या दिवशी. हे लोक रोज करतात! तिने आईला फोनवर सांगितलं की मला साध्या घरात नाही, एका मठात ठेवलंय. आई म्हणाली, बाळ, त्यांच्यासारखी वाग, काही मागू नकोस, आपल्याला बघून त्यांनी म्हणू नये की हे कसले बौद्ध.

त्याच दुपारी गल्लीपलीकडून सुकट भाजल्याचा वास आला. तिच्या गावाकडचा वास. ती वासाच्या मागे गेली. मोठी माय म्हणाली, "बस."

तिनेही हात जोडून सांगितलं होतं, घरी कळू देऊ नका. आम्ही चौघांनीही तेच. म्हणजे मोठी माय आठवडाभर पाच माणसांना पाच वेळा वेगवेगळं जेवू घालत होती. शेवटी वैतागून तिने पाचही जणांना एकच वेळ दिली. मी विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, पाच येळा चूल पेटवायची मला हौस न्हाई.

तोच प्रश्न

अण्णासाहेब मोठी मायकडे आले. मागच्या दारातून प्लॉय आली, तोंडाला रस्सा, हातात अर्धी भाकरी. ती आम्हाला बघून दगड झाली. आम्ही तिला बघून. मग ती खाली वाकली, पप्पाही वाकले, आणि दोघंही बराच वेळ वर येईनात.

खरं तर अण्णासाहेबांनी तिला एकटीला विचारायचं होतं. पण तोवर त्यांच्यापुढेही ताट आलं होतं, आणि ते टाकून उठणं त्यांच्याने होईना. त्यांनी तिथेच विचारलं, त्या घरात तू सुखात आहेस का?

मला डोळ्यांपुढे शालू बॅग भरताना दिसायला लागली.

प्लॉयने हातातली अर्धी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, ते कुटुंब फार चांगलं आहे. पण माझ्यासाठी फार पवित्र आहे. मी साधी मुलगी आहे. मला या घरी राहायला आवडेल. आणि तिने मोठी मायच्या पदराकडे बोट केलं.

पप्पा पुढे झाले. त्यांनी इंग्रजीत सगळं कबूल केलं. की आम्हीही साधेच आहोत, दर रविवारी खातो, पावडर लावतो, टीव्ही बघतो, हे सगळं फक्त तुझ्यासाठी होतं.

प्लॉयचे डोळे भरले. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने पप्पांना कपाळ टेकून नमस्कार केला. मग मला हळूच म्हणाली, तुझे वडील केवढे मोठे आहेत. पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं व्रत मोडलं आणि वर खोटंही बोलले.

पप्पांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. ती आणखी दोनदा पाया पडली.

अण्णासाहेबांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि नियम सांगितला. पाहुणी जिथे राहील, त्याच घरातलं माणूस पुढे जाईल. या घरात कोणी शिकणारं नसेल तर शालूला कळवावं लागेल.

"हाये की," मोठी माय म्हणाली. "अक्षता आजपासून इथंच राहती. मी का परकी हाये तिला?"

परदेशातले माझे पहिले दिवस

म्हणून आता मी गल्लीपलीकडे राहते. बॅग घेऊन निघाले तेव्हा आई दारात रडली, आणि तिथूनच तिने मला मोठी मायच्या ओट्यावर बसतानाही पाहिलं.

इथे कॉट एकच आहे, ती प्लॉयला. पाहुणी ती आहे, मी नाही. प्लॉय भाकरी थापायला शिकते आणि मोठी माय तिच्या वेड्यावाकड्या भाकरीचं कौतुक गल्लीभर करते. मी त्याच पिठाची गोल भाकरी केली तर म्हणते, जाड झाली. मटणाचं पातेलं मी घासते. सुकटीचा डबा मी उन्हात ठेवते आणि मांजरीपासून राखते. संध्याकाळी पप्पा, आई आणि सुमित जेवायला येतात, तेव्हा मी वाढते. पप्पा ताटावर बसण्याआधी प्लॉय त्यांना वाकून नमस्कार करते, आणि त्यांना पहिला घास घ्यायला फार वेळ लागतो.

काल मी पातेलं घासताना मोठी माय मागे येऊन उभी राहिली. कडेला काळं राहिलंय, म्हणाली. मग म्हणाली की अण्णासाहेबांचा फोन आल्ता, ते पुढल्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. घरमालकिणीला विचारायचं आहे, पोरगी दुसऱ्याच्या घरात राहण्याजोगी आहे का.

मी म्हटलं, त्यात काय विचारायचं, प्लॉय किती गुणी आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे.

"तिचं न्हाई बाई," मोठी माय म्हणाली. "तुझं."

मी राख घेतली आणि पातेलं पहिल्यापासून घासायला लागले.